मुलगे काय आपोआप वाढतात?

मुलींना लहानपणापासून घरकामाला जुंपतात म्हणून पुढे त्या नोकरीत मागे पडतात, असं नेहमी म्हटलं जातं. ते पटतं, पण अर्धंच. सगळी चर्चा मुलींना कसं वाढवतात यावरच चालते, मुलगे कसे वाढतात हे सुटूनच जातं.

राकेल फर्नांडेझ, अलेस्सांद्रा फोली आणि क्लॉडिया ऑलिवेट्टी या अर्थतज्ज्ञांनी २००४ साली अमेरिकेतल्या आकडेवारीवरून दाखवलं, की ज्यांची आई नोकरी करायची त्या पुरुषांच्या बायकाही नोकरी करत असण्याचं प्रमाण जास्त होतं. दुसऱ्या महायुद्धात ज्या राज्यांतून जास्त पुरुष सैन्यात गेले, तिथे स्त्रिया अधिक संख्येने कामाला लागल्या. त्याचा परिणाम पुढे त्यांच्या सुनांच्या पिढीतही दिसला. माझा अंदाज असा, की आईचं कामावर जाणं ज्याच्या अंगवळणी पडलंय, त्याला बायकोची नोकरी हा 'प्रश्न' वाटतच नाही.