डिप्लोमाची सीट हातात आहे, डिग्रीचं अजून वेटिंगवर. मी थांबणार नाहीये, पटत नसेल तर सांगा

कोवळी_उन्हं
नर्सिंगसाठी दोन ठिकाणी अर्ज केले होते. एक हॉस्पिटलला जोडलेला तीन वर्षांचा डिप्लोमा, तिथली सीट मिळालीय आणि फी भरून कन्फर्म करायची मुदत तोंडावर आलीय. दुसरी चार वर्षांची डिग्री, तिथे मी वेटिंग लिस्टवर आहे आणि त्यांचा निकाल या मुदतीनंतर लागणार. घरचे, मैत्रिणी सगळे एकच म्हणतायत, थांब, डिग्री ती डिग्री. मला ते पटत नाही म्हणून इथे लिहितेय. माझं म्हणणं असं की नर्सिंग हे पेशंटजवळ उभं राहून शिकायचं काम आहे, डिप्लोमावाले पहिल्या वर्षापासून वॉर्डात पाठवतात, आणि डिग्रीच्या कॉलेजात चौकशी केली तर पहिलं वर्ष बहुतेक सगळं अ‍ॅनाटॉमी, फिजिऑलॉजी, मायक्रोबायोलॉजी आणि स्किल लॅबमधल्या पुतळ्यावर इंजेक्शनं. मी बघितलंय, दोन्हीकडून बाहेर पडल्यावर नर्स म्हणून रजिस्ट्रेशन एकच आहे. आणि डिग्री पुढे करता येतेच की, डिप्लोमावरून डिग्रीला नेणारे ब्रिज कोर्स असतात. मग एक वर्ष आधी कमवायला लागायचं सोडून वेटिंगवर लटकून का राहायचं? ज्यांना पटत नाही त्यांनी कारणासकट लिहा, नुसतं 'डिग्रीला मान आहे' असं नको प्लीज.

शिकवणारी
बरं झालं कारणं मागितलीस, 'मान' हे मलाही कारण वाटत नाही. मी आधी सर्जिकल वॉर्डात स्टाफ होते, आता कॉलेजात शिकवते. नर्सिंगच्या अमेरिकन संशोधक लिंडा एकन यांचा 2003 चा अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियातल्या 168 हॉस्पिटलांचा अभ्यास आहे, सव्वादोन लाखांहून जास्त ऑपरेशन झालेले पेशंट. डिग्रीवाल्या नर्सेसचं प्रमाण 10 टक्क्यांनी जास्त असेल तिथे 30 दिवसांत पेशंट दगावण्याची शक्यता 5 टक्क्यांनी कमी आढळली. 2014 मध्ये युरोपातल्या 9 देशांत 300 हॉस्पिटलांत परत तपासलं तर तो फरक 7 टक्के निघाला.

असं का होत असेल ते वॉर्डात दिसतं. ऑपरेशननंतरचा पेशंट बऱ्याचदा एकदम कोसळत नाही, आधी श्वासाचा वेग वाढतो, नाडी धावायला लागते, लघवी कमी होते, माणूस बेचैन होतो, बीपी खूपदा सगळ्यात शेवटी पडतं. शॉकमध्ये, म्हणजे शरीराला रक्तपुरवठा कमी पडतो तेव्हा, शरीर आतून काय करतं हे जिला पक्कं माहीत आहे ती बीपी नॉर्मल दिसत असतानाही डॉक्टरांना उठवते आणि ठाम बोलते. तू ज्याला अ‍ॅनाटॉमी-फिजिऑलॉजीचं वर्ष म्हणून सोडून देतेयस ते हे आहे. पुतळ्यालाही कमी लेखू नकोस. अमेरिकेतल्या नर्सिंग बोर्डांच्या राष्ट्रीय परिषदेने 10 कॉलेजांत अभ्यास करून 2014 मध्ये छापला, क्लिनिकलचे निम्म्यापर्यंत तास सिम्युलेशनमध्ये, म्हणजे पुतळ्यावरच्या किंवा रचलेल्या प्रसंगांच्या सरावात, घेतले तरी मुलं लायसन्सच्या परीक्षेत मागे पडली नाहीत. माझं मत, थांब.

कॅज्युअल्टीतला_ब्रदर
मॅडम, तुमच्या अनुभवाचा आदर आहे पण त्याच युरोपातल्या 2014 च्या पेपरातलं दुसरं वाक्य तुम्ही सांगितलं नाहीत. एका नर्सकडे एक पेशंट वाढला की मृत्यूची शक्यता 7 टक्क्यांनी वाढते, हेही तिथेच आहे. म्हणजे डिग्रीवाल्या मुलीला रात्री एकटीला अख्खा वॉर्ड दिला तर तिच्या चार वर्षांच्या फिजिऑलॉजीचं काय होणार, ती औषधं वाटून संपवेपर्यंत सकाळ होते. आणि हे सगळे अभ्यास हॉस्पिटलांची तुलना आहेत, एका मुलीने डिप्लोमा घेतला की डिग्री यावरून ती कशी नर्स होईल हे त्यातून निघत नाही, जिथे डिग्रीवाले जास्त तिथे बाकीही बरंच काही चांगलं असू शकतं.

मी डिप्लोमाच केलाय. शॉक आम्हालाही शिकवला, फरक इतकाच की आम्हाला तो पेशंटच्या पायाशी उभं करून शिकवला, इन्चार्ज सिस्टर हाताला हात लावायला सांगायच्या, गार आहे का, ओला आहे का, नख दाबून रंग किती वेळाने परत येतो ते बघ. ते मी आजही कॅज्युअल्टीत रोज करतो. सिम्युलेशनच्या त्या अभ्यासात शिकवणाऱ्यांना आधी वेगळं ट्रेनिंग दिलेलं होतं आणि प्रत्येक वेळी नंतर बसून नीट चर्चा व्हायची, तसं तुझ्या त्या डिग्री कॉलेजात होतं का हे विचार आधी. नर्सिंगच्या अमेरिकन अभ्यासक पॅट्रिशिया बेनर यांनी 1984 मध्ये नर्सच्या वाढीच्या पाच पायऱ्या मांडल्या, त्यात तिसरी, म्हणजे स्वतःचं काम स्वतः नीट आखता येण्याची पायरी, साधारण दोन-तीन वर्षं त्याच प्रकारच्या कामात काढल्यावर येते असं त्या म्हणतात. ती कुठलंही कॉलेज देत नाही. मग लवकर कामाला लागलेलं काय वाईट. ताई, सीट घे.

शिकवणारी
ब्रदर, नर्समागे पेशंट किती हा मुद्दा शंभर टक्के मान्य, पण त्या पेपरात दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या मोजल्यात, हॉस्पिटलचा आकार, पेशंट किती गंभीर हे धरून. कामाचा भार तितकाच ठेवला तरी शिक्षणाचा फरक राहतो. भार कमी करणं हिच्या हातात नाही, शिक्षण निवडणं आहे.

आणि हॉस्पिटलच्या नर्सिंग शाळांचं एक जुनं दुखणं आहे ते कोणीच बोलत नाही. 1923 मध्ये अमेरिकेत गोल्डमार्क रिपोर्ट आला, त्यात स्पष्ट म्हटलं होतं की हॉस्पिटलं विद्यार्थिनींना मनुष्यबळ म्हणून वापरतात आणि शिक्षण मागे पडतं. शंभर वर्षं झाली त्याला. अजूनही कितीतरी ठिकाणी विद्यार्थिनीचं नाव ड्युटी लिस्टवर स्टाफच्या जागी असतं, ती दिवसभर तापमान चार्ट भरते, सॅम्पल पोचवते, बेड करते आणि संध्याकाळी लॉगबुकात 'ड्रेसिंग - 5' अशी सही घेते. याला वॉर्डात शिकणं म्हणायचं का? कोवळी, त्या डिप्लोमावाल्यांना एवढं एक विचार, आम्ही ड्युटी लिस्टवर मोजलो जातो का, आणि आमच्याबरोबर वॉर्डात ट्यूटर कोण असतं.

एका_मुलीचा_बाप
माझी मुलगी याच वयाची आहे आणि याच मार्गावर आहे म्हणून लिहितो. तुम्ही सगळे डिग्री चांगली की डिप्लोमा चांगला यावर बोलताय, पण या मुलीसमोर तो प्रश्नच नाहीये. तिच्यासमोर एक सीट आहे आणि एक शक्यता आहे. वेटिंग म्हणजे सीट नव्हे. शिक्षक मंडळी सहज थांब म्हणतात, पण ते नाही झालं तर पूर्ण वर्ष जातं, पुढच्या वर्षी नवी मुलं येतात, कटऑफ काय राहील कोणी सांगू शकत नाही, आणि घरात बसलेल्या मुलीला रोज कोणीतरी विचारतं की काय झालं गं तुझं. हे वर्ष कुठल्या अभ्यासात मोजलंय?

बेटा, तू फी भर आणि वेटिंगही सोडू नकोस. फक्त भरण्याआधी दोन गोष्टी लेखी घे, कोणत्या तारखेपर्यंत सीट सोडली तर किती पैसे परत मिळतात, आणि मूळ कागदपत्रं ठेवून घेतात का. कागदपत्रं अडकली की दुसरीकडे नाव लागूनही जाता येत नाही, हे माझ्या एका नातेवाइकाच्या बाबतीत घडलेलं आहे, शेवटच्या दिवशी कागद मिळेनात आणि चांगली सीट गेली. डिग्रीवाल्यांना साधा ईमेल कर की मी अजून इच्छुक आहे, मागच्या वर्षी वेटिंग कितव्या नंबरपर्यंत सरकलं होतं ते कळवा. बरीच कॉलेजं सांगतात.

आयसीयू_रातपाळी
मला 'डिग्री पुढे करता येतेच की' या एका वाक्यावर बोलायचंय कारण मी ते केलंय. डिप्लोमा, मग आयसीयूत नोकरी, मग ब्रिज करून डिग्री. होतं, नाही असं नाही. भारतात जीएनएमनंतर, म्हणजे तीन वर्षांच्या डिप्लोमानंतर, दोन वर्षांची पोस्ट बेसिक डिग्री आहे, अमेरिकेत दोन वर्षांच्या असोसिएट डिग्रीवर आरएन (रजिस्टर्ड नर्स) होऊन नंतर बीएसएन, म्हणजे नर्सिंगची बॅचलर डिग्री, करणारे भरपूर आहेत. पण रात्रभर व्हेंटिलेटरचे पेशंट बघून सकाळी लेक्चरला बसणं म्हणजे काय हे आधी डोळ्यासमोर आण, त्यात लग्न, मूल, आजारी आईवडील यातलं काहीही मध्ये आलं की पहिलं हेच सुटतं. माझ्या बॅचच्या किती जणी 'नंतर करू' म्हणाल्या होत्या, आज चांगल्या नर्स आहेत, माझ्यापेक्षा हात चांगला आहे त्यांचा, पण इन्चार्जच्या, इन्फेक्शन कंट्रोलच्या, शिकवण्याच्या जागा निघाल्या की त्यांचा अर्जच पुढे जात नाही आणि ते बघून मला फार वाईट वाटतं.

आणि जग कुठल्या दिशेला चाललंय ते बघ. इंग्लंडमध्ये 2013 पासून नवीन नर्सला डिग्रीच लागते. न्यूयॉर्क राज्याने 2017 मध्ये कायदा केला की तिथे नव्याने आरएन होणाऱ्याने 10 वर्षांत बॅचलर पूर्ण करायचं. युरोपियन युनियनचा नियम किमान 3 वर्षं आणि 4,600 तासांचा, त्यात निम्मे तरी क्लिनिकल. म्हणजे बाहेर जायचं म्हटलं तर कॉलेजचं नाव कोणी विचारत नाही, तुझ्या ट्रान्स्क्रिप्टवर, म्हणजे शिक्षणाच्या विषयवार नोंदीवर, कुठल्या विषयाचे किती तास आहेत ते मोजतात. ब्रदरच्या बाजूने एक सांगते, त्या 4,600 मध्ये वॉर्डाचे तास कमी असलेली डिग्रीही नापास होते.

थेट_विचार
सगळे डिग्री-डिप्लोमा करतायत, कॉलेजचं कोणी बोलत नाही. वाईट डिग्री कॉलेज हे चांगल्या डिप्लोमापेक्षा वाईटच. निकालाची टक्केवारी दाखवतात ना, ती परीक्षेला बसलेल्यांची असते. पहिल्या वर्षाला 60 घेतले, 35 मध्येच गळले किंवा अंतर्गत परीक्षेत अडवले आणि उरलेल्या 25 पैकी 24 पास झाले तर बोर्डावर 96 टक्के लागतात. विचारायचं असेल तर हे विचार की प्रवेश घेतलेल्यांपैकी किती जण वेळेत बाहेर पडले. आणि जोडलेलं हॉस्पिटल बघ, बेड किती यापेक्षा भरलेले किती, लेबर रूम चालू आहे का, लहान मुलांचा वॉर्ड आहे का, मानसिक आजारांसाठी कुठे पाठवतात. रिकाम्या हॉस्पिटलात पहिल्या वर्षापासून जाऊन तरी काय शिकणार? आणि मान्यता चालू वर्षाची आहे का ते नर्सिंग कौन्सिलच्या यादीत स्वतः बघ, माहितीपत्रकावर विश्वास ठेवू नकोस.

कॅज्युअल्टीतला_ब्रदर
थेट_विचार यांचं गळतीचं पटलं. पण आयसीयू ताई, तुम्ही स्वतः डिप्लोमातून वर गेलात आणि मुलीला सांगताय की तो रस्ता फार अवघड. पगार हातात असताना शिकलात ना? चार वर्षं सलग फी भरायची ताकद प्रत्येक घरात नसते, आणि मला खरंच राग येतो जेव्हा नर्सिंगमध्येच आपण डिप्लोमावाल्यांना अर्धवट समजायला लागतो. पेशंटचा जीव जाताना बोलवायला येतात ते डिग्री बघून नाही, हाताचं कसब ओळखून येतात.

आयसीयू_रातपाळी
अर्धवट कोणी म्हटलं नाही रे दादा, मी स्वतःला कसं म्हणेन. जी किंमत मी मोजली ती हिला टाळता येत असेल तर टाळावी एवढंच माझं म्हणणं आहे. फी परवडत नसेल तर गोष्ट वेगळी, पण हिने तसं कुठेच लिहिलेलं नाही.

कोवळी_उन्हं
सगळ्यांचं वाचलं, दोनदा वाचलं. डिप्लोमावाल्यांना फोन केला. पहिली दोन वर्षं ड्युटी लिस्टवर नाव नसतं, तिसऱ्या वर्षी असतं, रात्रपाळीसकट, आणि रात्री ट्यूटर नसतो, स्टाफ सिस्टरच असतात. शिकवणारी मॅडम, तुमचा प्रश्न अगदी तिथेच लागला. फी परत मिळायची तारीख डिग्रीच्या निकालानंतरची आहे, थोडे पैसे कापतात, कागदपत्रांच्या प्रती चालतात, हे ईमेलवर घेतलंय. त्यामुळे काका म्हणतात तसं सीट घेतेय आणि वेटिंगही ठेवतेय. फीचं विचारलंत म्हणून सांगते, डिग्रीची परवडेल पण ओढून ताणून, धाकटा भाऊही शिकतोय. डिग्री लागली तर जाईनच असं मात्र मी अजून म्हणत नाहीये. आयसीयू ताईंनी लिहिलेलं डोक्यातून जात नाही, पण त्या डिग्रीच्या हॉस्पिटलात जाऊन आले तर मेडिसिनचा अर्धा वॉर्ड रिकामा होता, आणि डिप्लोमावाल्यांच्या ओपीडीत उभं राहायला जागा नव्हती.

शिकवणारी
तिसऱ्या वर्षी रात्री ट्यूटरशिवाय, हे मला अजिबात चालणार नाही, पण जाऊन बघून आलीस हे फार चांगलं केलंस. एकदा जाऊन ठरवू नकोस, सकाळच्या राउंडच्या वेळी परत जा, आणि डिप्लोमाच्या मुलांना जसं दुसऱ्या मोठ्या हॉस्पिटलात पोस्टिंग मिळतं तसं या डिग्रीवाल्यांचं कुठे आहे ते विचार, बऱ्याच विद्यापीठांचं मुख्य क्लिनिकल बाहेरच होतं. आणि निकाल काहीही लागो, हिपॅटायटिस बी ची लस आजच सुरू कर. तीन डोस असतात, नेहमीच्या वेळापत्रकात पहिल्यानंतर एक महिन्याने दुसरा आणि सहा महिन्यांनी तिसरा, म्हणजे आता घेतलास तर वॉर्डात सुया हाताळायला लागेपर्यंत शक्य तितके पूर्ण होतील. शेवटच्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी अँटिबॉडी तपासून घे. कांजिण्या आणि गोवराच्या लसीची नोंद घरात शोधून ठेव, दोन्हीकडे मागतील.

कॅज्युअल्टीतला_ब्रदर
लसीचं मॅडम बरोबर बोलल्या, माझ्या बॅचला वर्षभर कोणी सांगितलं नव्हतं. बाकी माझं मत तेच. भरलेला वॉर्ड सोडू नकोस. तिसऱ्या वर्षाच्या रात्रपाळीला कुठल्या सिस्टर असतात ते आत्ताच तिथल्या सिनियर मुलींना गाठून विचार, ऑफिसात नको, हॉस्टेलच्या बाहेर उभी राहून विचार.