मदत हवी आहे: हरिहर, कोलाड की कामशेत?

नमस्कार मंडळी. अकरावीतला भाचा दिवाळीच्या सुट्टीत काहीतरी थरारक करायचं म्हणून मागे लागलाय. हरिहर गडाचा ट्रेक, कोलाडला कुंडलिकेत राफ्टिंग, नाहीतर कामशेतला पॅराग्लायडिंग. ताई म्हणते ट्रेकला न्या, बाकीचं जिवावरचं.

मला नेमकं उलटं वाटतंय. राफ्टिंगला लाइफ जॅकेट, हेल्मेट, सोबत गाइड. पाणीही धरणातून सोडलेलं, वेळ ठरलेली. पॅराग्लायडिंगच्या टँडम, म्हणजे दोघांच्या एकत्र उड्डाणात सोबत पायलट असतो, वारा बिघडला तर उड्डाणच रद्द. हरिहरला मात्र कातळातल्या त्या उभ्या पायऱ्या, हाताला नुसत्या खोबण्या, आणि रविवारी उतरणारे-चढणारे एकाच अरुंद वाटेवर समोरासमोर. वरच्याचा पाय सटकला तर खालच्यांचं काय? तिथे हेल्मेट घालतं तरी कोण!

पण तुलना करायची कशी? उड्डाण काही मिनिटांचं, ट्रेक अख्ख्या दिवसाचा. धोका तासावर मोजायचा की खेपेवर? तिन्ही केलेल्यांनी प्लीज सांगा. बुकिंगआधी राफ्टिंग आणि पॅराग्लायडिंगवाल्यांना नेमकं काय विचारायचं? पोराला पोहता येत नाही, हेही धरून सांगा. आणि जरा सविस्तर लिहा, उत्तरं ताईला वाचून दाखवायची आहेत.