मदत हवी आहे : कडकनाथच्या संकरात पट्टेदार तलंगा (अंड्यावर न आलेल्या तरुण माद्या) कुठून आल्या?

मंडळी, कडकनाथ कोंबडा आणि पट्टेदार प्लायमाउथ रॉक कोंबड्या यांची 11 पिल्लं, आता 12 आठवड्यांची. पट्ट्याचं जनुक लिंगसंलग्न, फिक्या कातडीचंही. आईकडून ते फक्त नरांना जातं. म्हणजे नर पट्टेदार, फिक्या कातडीचे. माद्या काळ्याभोर, नडगीसुद्धा काळी. 9 जुळतात. पण 2 तलंगा पट्टेदार, नडग्या पिवळ्या! तुरा बारका, फिकट. मानेची पिसं गोल टोकाची, म्हणजे माद्याच. पट्टे पार मुळाच्या लवीपर्यंत.

संशय असा : जुना पट्टेदार कोंबडा काढून 8 दिवसांतच अंडी जमवली. कोंबडीच्या पोटात बीज दोन-तीन आठवडे टिकतं. पण मग डोक्यावर शेंडी कशी? ती ना प्लायमाउथ रॉकला असते, ना शुद्ध कडकनाथला. की आमचा कडकनाथच भेसळीचा? पिसं फुलवून, कातडी बघून काय तपासावं?