शिवणाच्या खोलीतील पसारा

प्रश्न (इंदूर): राजवाड्यामागील आमच्या जुन्या घरात शिवणासाठी एकच लहान खोली असून बटणे, हूक आणि बॉबिन सतत एकमेकांत मिसळतात. नवे कपाट न घेता व्यवस्था कशी लावावी?

उत्तर १: आईचा जुना मिसळणाचा डबा मी त्यासाठीच वापरते. सात वाट्यांत सात प्रकार राहतात, आणि झाकण लावले की धूळ जात नाही. मात्र मोहरीचा वास जाईपर्यंत डबा उन्हात ठेवावा.

उत्तर २: क्लॉथ मार्केटमधील दुकानदाराकडे कापडाच्या ताग्यांच्या रिकाम्या पुठ्ठ्याच्या नळ्या मागून पाहा, कागदी बेतणी त्यांवर गुंडाळल्यास घड्या पडत नाहीत, त्यामुळे पुढच्या वेळी माप चुकत नाही. रिळे खिडकीत ठेवू नयेत, कारण उन्हाने सुती दोरा विटतो आणि कमजोर होतो.

प्रश्नकर्ती: डबा आजच माळ्यावरून काढते.