एका विमानतळावरून दुसऱ्या विमानतळावर: तुमचे अनुभव सांगा

नागपूरकरीण_बोरिवलीत
काल भाचीचा मेसेज, "मावशी, दुबईहून मुंबईला उतरून पुढचं नागपूर नवी मुंबईहून घेऊ का, दीड हजाराने स्वस्त आहे." म्हटलं थांब बाई. जुलै २०१७. मी आणि आई दुबईहून मुंबईच्या टी२ ला (टर्मिनल २) उतरलो, नागपूरचं विमान टी१ हून, हातात पावणेतीन तास. तिकिटं वेगळी, म्हणजे बॅगा घ्या, कस्टममधून बाहेर या, परत चेक-इन. जेमतेम पाच किलोमीटर, रनवेसुद्धा तोच! बॅगाच तासाने आल्या, बाहेर धो धो पाऊस, आणि टॅक्सीवाला म्हणतो, "ताई, दोन तास लायनीत उभा राहून पार्ल्याचं भाडं घेऊ?" (त्याचंही बरोबरच होतं म्हणा.) पोचलो तर काउंटर नुकतंच बंद. आई बाकावर बसली, मांडीवर टॉवेलात गुंडाळलेली लोणच्याची रिकामी बरणी, आणि पर्समधून खजूर काढून म्हणते, "घे. आता कसली घाई."
तुमचं काय झालंय असं?

अर्धवट_पार्लेकर
आमचे काका अजून डोमेस्टिक म्हणजे सांताक्रूझ आणि इंटरनॅशनल म्हणजे सहार. दिल्लीचं विमान टी२ हून, काका ऐटीत सांताक्रूझला, म्हणजे टी१ ला, जाऊन बसले, वर मलाच फोन "तू कुठे राहिलास"

चहाबाज
आता मेट्रो ३ आहे की २०२४ पासून. टी२ नंतर सहार रोड, मग टी१. पण बॅगा घेऊन ते जिने चढउतार, लिफ्ट शोधा आधी

ऐरोलीचा_बाप
भाचीला सांगा नको. टी२ ते उलवे, म्हणजे नवी मुंबई विमानतळ, पस्तीस-चाळीस किमी आहे. मी पहाटे सव्वाचारला अंधेरीहून निघालो तर तासाभरात पोचलो, वाटलं काय सोप्पंय, आणि परत येताना संध्याकाळी वाशी पूल ते मानखुर्द इतका वेळ गेला की मुलाने तेवढ्यात होमवर्क संपवला. अटल सेतू शिवडीला उतरवतो, अंधेरीवाल्यांना उलटाच पडतो, टोल वेगळा

चहाबाज
मुलगा गाडीत होमवर्क करतो?? आमच्याला उलटी होते

ऐरोलीचा_बाप
आलेपाक द्या

गिरगावची_सून
आम्हाला सेतू बराय पण 🙂 ते जाऊदे, रिकामी बरणी दुबईहून परत का आणली?

नागपूरकरीण_बोरिवलीत
चिनी मातीची आहे, आजीची. आई म्हणे लोणचं त्यांना, बरणी नाही. भाचीला कळवलं, ती म्हणते मग सात तासांचं अंतर ठेवते. ठेव बाई.

गिरगावची_सून
आणि धड आली का?

नागपूरकरीण_बोरिवलीत
बरणी आली, झाकण तिकडे सिक्युरिटीच्या ट्रेमधे राहिलं. तेव्हापासून दादराच बांधते आई.