गुरं कमी केली तर नफा वाढतो का? (क्वीन्सलँडमधल्या एका बीफ प्रॉपर्टीचं गणित)

माळरान_४८२०:
चार्टर्स टॉवर्सच्या बाजूला २०,००० हेक्टरची प्रॉपर्टी, ब्राह्मन गायींचा कळप, सध्या २,५०० एई (४५० किलोच्या एका जनावराचा चारा म्हणजे एक एई). बरंचसं कुरण 'सी' दर्जाला घसरलंय (ए सगळ्यात चांगलं, डी सगळ्यात खराब). प्रस्ताव असा: कळप २,००० एईवर आणायचा, चार पॅडॉकना (कुंपण घातलेले कुरणाचे तुकडे) आळीपाळीने पावसाळी विसावा द्यायचा, म्हणजे पावसाळ्यात काही काळ चराई बंद ठेवायची, आणि दोन नवे पाणवठे करायचे. ग्रॉस मार्जिन (उत्पन्नातून गुरांचा थेट खर्च वजा जाता उरतं ते) वर्षाला एईमागे १५० डॉलर, विक्रीचा भाव एईमागे १,००० डॉलर धरलाय. पहिल्याच वर्षी पाच लाख डॉलर हातात येत असल्यामुळे शीटवर योजना झकास दिसते. इतकी झकास की शंका येतेय. कुठे चुकतंय?

ताळेबंद:
ते पाच लाख म्हणजे उत्पन्न नव्हे, भांडवल मोडून आलेली रोकड आहे. रोकड-प्रवाहात ती दाखवा, पण शेवटच्या वर्षी दोन्ही पर्यायांत उरलेल्या कळपाची किंमतही धरा. नाहीतर गुरं विकणारी कुठलीही योजना फायद्याचीच दिसेल.

आता खरी कसोटी. आज २,५०० × १५० = ३,७५,००० डॉलर. तेवढेच २,००० एईकडून हवे असतील तर एईमागे १८७.५० लागतात. गुरं २० टक्के कमी, तर मार्जिन २५ टक्के जास्त. मात्र पाच लाखांनी कर्ज फेडलं आणि व्याज ६ टक्के असेल, तर वर्षाला ३०,००० वाचतात आणि गरज १७२.५० वर येते, म्हणजे १५ टक्के वाढ. विसावा आणि कमी भारामुळे गाभण राहण्याचं प्रमाण, मरतूक आणि विक्रीचं वजन एवढं सुधारेल का, हा प्रश्न आहे.

दुसरी गोष्ट, तुलना आजच्या आकड्यांशी करू नका. 'काहीच बदललं नाही तर' हा रकाना सपाट नसतो. त्यात सी चा डी होतो, दुष्काळात यूरिया-मोलॅसिसचा (मळीचा) पूरक खुराक आणि विकतचा चारा येतो, पडत्या भावात गुरं काढावी लागतात. वाम्बियानाच्या चराई प्रयोगात (चार्टर्स टॉवर्सजवळच, १९९७ पासून) हेच दिसलं: ४ हेक्टरला एक एई हा जड भार सुरुवातीच्या चांगल्या वर्षांत जास्त पैसे देत होता, कोरडी वर्षं आली तशी चाऱ्याच्या खर्चाने ती कमाई खाल्ली. ८ हेक्टरचा मध्यम भार लांब पल्ल्यात वरचढ ठरला.

गवतकाडी:
वरचं सगळं मान्य, पण २,००० हा आकडा आला कुठून?

चांगल्या स्थितीत वर्षाला हेक्टरी २,००० किलो कोरडं गवत आणि त्यातलं २५ टक्के चराईला धरलं तर ५०० किलो. एक एई दिवसाला १० किलो, म्हणजे वर्षाला ३,६५०. म्हणजे ७.३ हेक्टरला एक. आता दर्जा लावा: बी ची क्षमता ए च्या ७५ टक्के, सी ची ४५, डी ची २०. बी वर २०,००० हेक्टरला साधारण २,०५० एई, पूर्ण सी वर जेमतेम १,२३०. म्हणजे २,००० हा सुधारलेल्या कुरणाचा आकडा आहे. तेवढी गुरं आजच्या कुरणावर ठेवली तर ते सुधारायचंच नाही. अधली काही वर्षं त्याहून खाली जावं लागेल, आणि योजनेचा निकाल त्याच वर्षांत लागतो. हेक्टरी वाढ तुमच्या जमिनीप्रमाणे बदला.

विसाव्यातही खाच आहे. चारातला एक बंद की उरलेल्या तिघांवर एक तृतीयांश भार वाढतो, तोही गवत फुटायच्या दिवसांत. पहिल्या चांगल्या पावसापासून निदान ६ ते ८ आठवडे फाटक बंद, हे आधी ठरवा आणि मग भार ठरवा.

माळरान_४८२०:
म्हणजे १,५०० पर्यंत उतरून मग वाढवायचं? आणि डिस्काउंट रेट (पुढच्या पैशाची आजची किंमत काढायचा दर) ८ टक्के बँकेचा धरलाय, तो ठीक?

ताळेबंद:
१,५०० ने चालवून बघा आणि सगळ्यात खोल तूट कितव्या वर्षी, किती, ते काढा. बँकेला एनपीव्हीपेक्षा (सगळ्या वर्षांच्या रोकडीची आजची निव्वळ किंमत) तेच लागतं. भाव आजचेच वीस वर्षं धरलेत तर ८ चालणार नाही, कारण बँकेच्या दरात महागाई धरलेली असते. महागाई ३ असेल तर खरा दर सुमारे ५. आठव्या वर्षीचा एक डॉलर ८ टक्क्यांनी ५४ सेंट, ५ टक्क्यांनी ६८. कुरणाचा फायदा उशिरा येतो, त्यामुळे एवढ्यावरही उत्तर फिरतं. कळपाची रचना हाताने करू नका. वासरू अंगावर असलेल्या गायीचा एई जास्त, म्हणून वासरांचं प्रमाण वाढलं की त्याच भारात गायी कमी बसतात. क्वीन्सलँड कृषी खात्याचं ब्रीडकाऊ अँड डायनामा हे मोफत आहे, त्यात हे आपोआप होतं.

पाणवठा:
पाइप-टाकीच्या कोटेशनमध्ये साठा तपासा. २०० गायी × ६० लिटर = दिवसाला १२,००० लिटर, तीन दिवसांची सोय म्हणजे ३६,००० ची टाकी. कळप एकदम येतो, तेव्हा हौदात पाणी भरायचा वेग कमी पडला की दांडग्या गायी पितात, कालवडी मागे राहतात. आणि जुना पाणवठा बंद करता येत नसेल तर 'विसावा' कागदावरच. कुंपणाची देखभाल आणि पंपाच्या फेऱ्या दरवर्षीच्या खर्चात घाला, मालकाची स्वतःची मजुरीही.