लष्करातून परतलेल्या मुलाचा मानसिक आघात आणि आम्ही दोघे : मार्गदर्शन हवे आहे

नमस्कार. मी सातारा जिल्ह्यातील खटाव तालुक्यात राहणारा निवृत्त माध्यमिक शिक्षक आहे. आमच्या भागात दोन घरांआड एक फौजी असल्याने, मुलगा एकोणिसाव्या वर्षी भरती झाला तेव्हा पेढे वाटले गेले. काळजी कोणी बोलून दाखवली नाही. राष्ट्रीय रायफल्सबरोबर काश्मीर खोऱ्यात असताना एका शोधमोहिमेत त्याच्या शेजारचा जवान गेला, एवढेच आम्हांला ठाऊक आहे, आणि तेही त्याच्या मित्राकडून. पुढे लष्करी रुग्णालयात पीटीएसडीचे (आघातानंतर जडणाऱ्या मानसिक विकाराचे) निदान झाले, मेडिकल बोर्ड (सेवेत राहता येईल की नाही हे ठरवणारी वैद्यकीय तपासणी) झाले आणि गेल्या वर्षी, सत्ताविसाव्या वर्षी, तो घरी आला. ईसीएचएसच्या (माजी सैनिकांसाठीच्या आरोग्य योजनेच्या) पॉलिक्लिनिकमधून मिळणारी औषधे तो नियमित घेतो, त्यामुळे माझा प्रश्न त्याच्या उपचारांचा नाही.

त्याला झोपेतून उठवताना अंगाला हात लावायचा नाही, उंबऱ्यापाशी उभे राहून नावाने हाक मारायची, हे आम्ही एका रात्रीच्या अनुभवानंतर शिकलो. हिने, म्हणजे माझ्या पत्नीने, कुकर माळ्यावर टाकला. डाळ आता पातेल्यात शिजते. दिवाळीचे चार दिवस आम्ही तिघे शेतातल्या खोलीवर काढले. याबद्दल तक्रार मुळीच नाही. परंतु अलीकडे असे लक्षात आले आहे की शेजारच्या घरात शिट्टी झाली तर तो पुष्कळदा शांत बसलेला असतो आणि दचकते ती त्याची आई. पहाटे तीनच्या सुमारास ती त्याच्या दाराबाहेर भिंतीला टेकून बसलेली असते, आत तो गाढ झोपलेला असला तरी. तिचा रक्तदाब वाढला तेव्हा डॉक्टरांनी गोळी बदलली आणि जेवणातल्या मिठाची चौकशी केली, झोपेची नाही.

माझे निराळेच आहे. भरतीसाठी १६०० मीटर धावण्याचा त्याचा सराव मी घेतला होता. पहाटे सायकलवरून त्याच्या मागे जायचो आणि घड्याळ माझ्या हातात असायचे. पाच-सात सेकंद कमी झाले की मला झालेला आनंद आता आठवला तरी नकोसा होतो. हे मी हिला सांगितलेले नाही, आणि त्याला तर सांगण्याचा प्रश्नच नाही.

आघात झालेल्या माणसासोबत राहणाऱ्यांनाही तशीच लक्षणे जडू शकतात, त्याला दुय्यम आघात म्हणतात, असे वाचनात आले. मात्र मला मिळालेले बहुतेक लेखन पत्नी आणि मुले यांच्याविषयीचे होते. आपल्याकडचा अविवाहित जवान परततो तो आईवडिलांकडेच, याची दखल मला त्यात कुठे दिसली नाही. माझे निवृत्तिवेतन उत्पन्नाच्या मर्यादेपेक्षा जास्त असल्यामुळे त्याच्या ईसीएचएस कार्डावर आम्ही अवलंबित म्हणूनही बसत नाही.

टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य दूरध्वनी सेवेचा १४४१६ हा क्रमांक माझ्याजवळ आहे, आणि सशस्त्र दलांसाठी त्याचा स्वतंत्र कक्ष पुण्याच्या आर्म्ड फोर्सेस मेडिकल कॉलेजात डिसेंबर २०२३ पासून आहे, हेही वाचले आहे. येथे कोणा जवानाच्या आईने किंवा वडिलांनी स्वतःसाठी तेथे बोलून पाहिले आहे काय, आणि पुढे प्रत्यक्ष समुपदेशन कोठे मिळाले? जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात पालकांच्या अशा अडचणीसाठी जाऊन कोणाला उपयोग झाला आहे काय? मुलाच्या डॉक्टरांकडेच आम्हीही जावे, की त्यामुळे आपल्यापायी आईवडील आजारी पडले असे त्याच्या मनात बसेल?

आणखी एक अडचण आहे. लग्न करून द्या म्हणजे सुरळीत होईल, असे नातेवाईक सांगतात (एक-दोघांनी बाहेरचे काही आहे का ते बघायलाही सुचवले, ते मी सोडून दिले). कोरेगावकडचे एक स्थळ आले असून तुळशीच्या लग्नानंतर त्यांना उत्तर द्यायचे आहे. त्यांना आजाराची पूर्ण कल्पना द्यावी असे माझे मत आहे, हिचा त्याला विरोध आहे, आणि मुलाला अजून आम्ही विचारलेलेच नाही. त्याच्यापाशी हा विषय कसा काढावा, हे या अनुभवातून गेलेल्या कोणी सांगितले तर आभारी राहीन.